हायपरसॉनिकचा हिशेब

१० मे २०२५ ला आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी येऊन पडली. पाकिस्तानच्या जेएफ-१७ विमानांनी ‘हायपरसॉनिक’ क्षेपणास्त्रं सोडून पंजाबातल्या आदमपूर तळावरची एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा उद्ध्वस्त केली, असा पाकिस्तानी लष्कराचा दावा होता. भारताने तो त्याच दिवशी फेटाळला. १३ तारखेला पंतप्रधान आदमपूरच्या तळावर गेले, तेव्हा त्यांच्या मागे एस-४०० चा लाँचर उभा दिसत होता. पण मधल्या तीन दिवसांत ग्रुपवरच्या भल्याभल्यांची पाचावर धारण बसली होती. आदल्याच दिवशी एस-४०० च्या नावाने गुलाल उधळणारे बापूकाका मला फोनवर म्हणाले, “अरे, पण ते हायपरसॉनिक होतं ना? मग ते कोण अडवणार?”

क्षेपणास्त्र कोणतं, किती पल्ल्याचं, कुठून सोडलं, यातलं बापूकाकांना काहीच ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असण्याची गरजही पडली नाही. एका विशेषणाने काम केलं होतं. शस्त्राचं नाव ऐकूनच समोरचा गार पडत असेल, तर त्या शस्त्राच्या जाहिरात खात्याला सलाम केला पाहिजे. पण संरक्षणाचा पैसा जाहिरातीवर ठरू नये, म्हणून हा हिशेब मांडतोय. माझं म्हणणं थोडक्यात असं: हायपरसॉनिक क्षेपणास्त्र थोतांड नाही, पण त्याच्या नावावर जे खपवलं जातं त्यातलं बरंचसं जुन्या क्षेपणास्त्रांनी कधीच देऊन ठेवलंय. उरलेला फायदा चिंचोळा आहे, आणि तो पदरात पाडून घ्यायला जे लागतं ते क्षेपणास्त्राच्या पोटात नसतं.

आधी वेगाचं बघू. ध्वनीच्या पाचपट, म्हणजे मॅक ५ च्या वर गेलं की हायपरसॉनिक. जमिनीलगतच्या हवेत हा वेग सेकंदाला १.७ किलोमीटर होतो. मुंबई ते पुणे सव्वा मिनिटात. ऐकायला भन्नाट आहे. पण लांब पल्ल्याचं कुठलंही साधं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र, म्हणजे रॉकेटने वर फेकलं की दगडासारखं कमानीत खाली येणारं, याहून कितीतरी जोरात येतं. आंतरखंडीय क्षेपणास्त्राचं शीर्ष (स्फोटक असलेलं टोक) सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मॅक २० च्या वर असतं आणि ही गोष्ट १९५० च्या दशकाअखेरची आहे. त्याच्याही मागे जा. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनवर पडलेलं हिटलरचं व्ही-२ रॉकेट वरच्या विरळ हवेत मॅक ५ च्या घरात पोहोचायचं. ते अडवायचा एकही उपाय ब्रिटनकडे नव्हता. भोंगा वाजवायलाही वेळ नाही, कारण आवाज रॉकेटच्या मागून यायचा. आधी स्फोट, मग घरघर. हजाराहून जास्त व्ही-२ ब्रिटनवर पडली, सुमारे २,७०० माणसं मेली, आणि युद्ध जिथे चाललं होतं तिथेच चालत राहिलं. ती रॉकेटं बांधताना डोराच्या छळछावणीत मेलेले कैदी याच्या कितीतरी पट होते. न अडवता येणारं शस्त्र हातात असणं आणि त्याने युद्ध फिरणं यात किती अंतर असतं, ते तेव्हाच कळलं होतं. आपण विसरलो इतकंच.

मग आज ‘हायपरसॉनिक’ म्हणून जे वेगळं दाखवलं जातं ते काय आहे? दोन प्रकार आहेत. एक ग्लायडर: रॉकेटने वर न्यायचं, सोडून द्यायचं, आणि मग त्याने वातावरणाच्या वरच्या थरावर तरंगत, वळत जायचं. चीनचं डीएफ-१७ हे असं; २०१९ च्या १ ऑक्टोबरच्या संचलनात ते जगाला दाखवलं गेलं. दुसरा प्रकार क्रूझचा: स्क्रॅमजेट इंजिन हवेतलाच ऑक्सिजन घेऊन जळतं आणि क्षेपणास्त्र सगळा वेळ वातावरणातूनच उडतं. दोन्हींचा खरा दावा वेगाचा नाहीच. दावा आहे वळण्याचा आणि खालून येण्याचा.

या दोन्ही प्रकारांत रशियाचं किंझाल बसत नाही, आणि गवगवा तर त्याचाच सर्वांत जास्त झाला. पुतिन यांनी १ मार्च २०१८ च्या भाषणात ते जगासमोर ठेवलं. मुळात ते जमिनीवरून सुटणाऱ्या इस्कंदर क्षेपणास्त्राचं भावंड आहे, मिग-३१ विमानाच्या पोटाला बांधलेलं. कुणी अडवू शकणार नाही, असं सांगितलं गेलं होतं. ४ मे २०२३ च्या रात्री कीव्हवर आलेलं किंझाल अमेरिकी बनावटीच्या पॅट्रियट यंत्रणेने पाडलं आणि काही दिवसांनी पेंटॅगॉननेही त्याला दुजोरा दिला. पॅट्रियट ही १९८० च्या दशकात सेवेत आलेली आणि नंतर सुधारत नेलेली यंत्रणा. तिला हे जमलं, कारण किंझालला शेवटी खाली दाट हवेत यावंच लागतं. तिथे हवा त्याचा वेग खाते आणि त्याचा मार्ग बराचसा सरळ असतो.

मात्र एवढ्यावर ‘किंझाल फुसकं निघालं’ म्हणून मोकळं होणं हाही आळसच. पॅट्रियटचं छत्र काही दहा-वीस किलोमीटरांचं असतं. कीव्हवर ते होतं. युक्रेनच्या बहुतेक भागावर नव्हतं, आणि तिथे किंझाल पडत राहिलं. पण मग तिथे साधं इस्कंदरही पडतच होतं. महागाचा तो वेग जिथे उपयोगी पडायचा तिथे अडवला गेला, आणि जिथे अडवणारंच कुणी नव्हतं तिथे त्याची गरज नव्हती.

किंझालचा एक परिणाम मात्र खरा आहे आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात सापडणार नाही. किंझाल नेणारं मिग-३१के रशियातल्या तळावरून उडालं की अख्ख्या युक्रेनमध्ये भोंगा वाजतो. विमान कुठे सोडेल सांगता येत नाही, म्हणून पश्चिमेच्या ल्विव्हपासून पूर्वेच्या खारकीव्हपर्यंत सगळे तळघरात. शाळा थांबते, काम थांबतं. कितीदा तरी ते विमान काहीच न सोडता परत जाऊन उतरतं. न सोडलेल्या क्षेपणास्त्राने देशाचा तास-दीड तास खाल्ला! लष्करी भाषेत याला काय म्हणायचं ते म्हणा, त्रास खराच आहे. पण हेही बघा, की अचानक येणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या अस्त्राची वर्दी विमानाची चाकं धावपट्टी सोडतात तेव्हाच मिळते.

आता वळण्याकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. खंबाटकी घाटात ज्याने गाडी चालवलीय त्याला हे सांगायची गरज नाही: वेग दुप्पट केला तर त्याच पकडीवर वळण चौपट मोठं घ्यावं लागतं. ग्लायडरलाही तोच नियम लागू. सेकंदाला साडेचार किलोमीटरने, म्हणजे मॅक १५ च्या आसपास जाणारं ग्लायडर धरा. विरळ हवेत त्याला बाजूला ढकलणारं बळ गुरुत्वाकर्षणाच्या निम्मं मिळतं असं धरलं, तर त्याच्या वळणाची त्रिज्या येते ४,००० किलोमीटर. नुसतं ३० अंश वळायला २,००० किलोमीटरहून जास्त जावं लागेल आणि सात-आठ मिनिटं लागतील. टीव्हीवरच्या ॲनिमेशनमध्ये ते माशीसारखं इकडून तिकडे पळतं, ते विसरा. आणि हे वळण फुकट नसतं. प्रत्येक वळणाला वेग जातो. इंजिन नसलेल्या वस्तूचा गेलेला वेग परत येत नाही.

शिवाय ताप. त्याच उंचीवर वेग दुप्पट केला की हवेच्या घर्षणाचा ताप साधारण आठपट होतो. ग्लायडरच्या कडा दोन हजार अंशांच्या आसपास तापतात, भोवतीची हवाच विजेने भारली जाते, आणि त्या झगमगत्या आवरणातून रेडिओ संदेश घेणं किंवा लक्ष्य बघणं अवघड होऊन बसतं. अमेरिकेने एचटीव्ही-२ हे ग्लायडर एप्रिल २०१० आणि ऑगस्ट २०११ मध्ये उडवलं. दोन्ही वेळा ते नऊ मिनिटांच्या आसपास हातचं गेलं. आणि एवढी तापलेली वस्तू अवरक्त किरणांत दिव्यासारखी चमकते. डेव्हिड राइट आणि कॅमरून ट्रेसी या दोन संशोधकांनी २०२१ च्या सुरुवातीला हेच गणित पद्धतशीर मांडलं होतं: असं ग्लायडर उपग्रहांना दिसतं, आणि कमी उंचीच्या कमानीतून डागलेल्या बॅलिस्टिक क्षेपणास्त्रापेक्षा ते लवकर पोहोचतंच असं नाही. ‘अदृश्य’ हा शब्द निदान या संदर्भात तरी मागे घ्यायला हवा.

बरं, मग काहीच नाही का? आहे. पृथ्वी गोल आहे, त्याचा फायदा आहे. हजार किलोमीटर उंच जाणारं बॅलिस्टिक शीर्ष जमिनीवरच्या रडारला चार हजार किलोमीटरवरून दिसू शकतं. ५० किलोमीटर उंचीवरून येणारं ग्लायडर ९०० किलोमीटरच्या आत आल्याशिवाय क्षितिजावर उगवतच नाही. दुसरं म्हणजे संरक्षणाच्या थरांत एक फट आहे. एसएम-३ सारखी अस्त्रं वातावरणाच्या बाहेर मारतात, पॅट्रियट अगदी खाली. मधल्या उंचीवर तरंगत येणाऱ्याला गाठायला आज फारसं काही नाही. अमेरिका आणि जपान मिळून नेमकी तीच फट बुजवणारं अस्त्र बनवताहेत, त्याचा करार मे २०२४ मध्ये झाला. म्हणजे धोका त्यांनाही खरा वाटतो.

पण हा फायदा कुणाविरुद्ध? रशियाच्या ॲव्हनगार्ड या ग्लायडरचं घ्या. अमेरिकेवर अण्वस्त्र टाकायला ते बनवलं. अमेरिकेकडे आंतरखंडीय क्षेपणास्त्रं अडवणारी जमिनीवरची अस्त्रं आहेत ४४, अलास्का आणि कॅलिफोर्नियात. रशियाकडे तैनात असलेली अण्वस्त्रं दीड हजाराच्या आसपास. दीड हजार भाले ४४ ढालींवर येत असताना त्यातला एक भाला वळणारा असला काय नि नसला काय!

पैशाचा मुद्दा मी लांबवत नाही. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जानेवारी २०२३ मध्ये हिशेब केला: तेवढ्याच पल्ल्याचं आणि शेवटी वळू शकणारं बॅलिस्टिक क्षेपणास्त्र घेतलं, तर हायपरसॉनिक त्याहून एक-तृतीयांश महाग पडतं. मध्यम पल्ल्याचं एकेक अस्त्र चार कोटी डॉलरच्या घरात. आणि रशियाने ७ सप्टेंबर २०२५ च्या एका रात्रीत युक्रेनवर ८०० हून जास्त ड्रोन सोडले, मोपेडसारखी फटफट करत येणारे. त्यांचा वेग आपल्या एक्सप्रेस ट्रेनच्या थोडा वर. युक्रेनचं हवाई संरक्षण थकवलं ते या फटफटींनी. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत पॅट्रियटला साधी इस्कंदरही पूर्वीसारखी पाडता येईनात अशा बातम्या आल्या, कारण रशियाने शेवटच्या टप्प्यातली त्यांची चाल बदलली होती. वेग तोच, शेवटचं वळण नवं. चार कोटी डॉलरच्या कल्पनेला हे स्वस्तातलं उत्तर म्हणायचं.

आता आपल्याकडे येऊ. डीआरडीओच्या हैदराबादमधल्या डीआरडीएल या प्रयोगशाळेने जे केलंय ते लहान नाही. ७ सप्टेंबर २०२० ला ओडिशाच्या अब्दुल कलाम बेटावरून एचएसटीडीव्ही हे चाचणीचं यान उडालं, तेव्हा त्याचं स्क्रॅमजेट हवेत वीसेक सेकंद चाललं. एप्रिल २०२५ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत ज्वलनकक्ष हजार सेकंदांहून जास्त जळत राहिला. ज्या इंजिनात हवा ध्वनीपेक्षा वेगाने आत शिरते आणि इंधनाला तिच्यात मिसळून जळायला हजारांश सेकंद मिळतात, ते एवढा वेळ पेटतं ठेवणं ही मोठीच गोष्ट आहे. हे तंत्रज्ञान आपल्या हाती असावं, याबद्दल माझं दुमत नाही. वाद आहे तो किती बनवायची आणि कशासाठी, यावर.

जमिनीवर, पाकिस्तानच्या सीमेवर, मला त्याचा उपयोग दिसत नाही. मे २०२५ मध्ये काम केलं ते ब्रह्मोसने, मॅक ३ च्या आतबाहेरच्या वेगाने. रावळपिंडीच्या विमानतळावर ब्रह्मोस पडलं आणि आमचा हल्ल्याचा बेत राहून गेला, हे पाकिस्तानचे पंतप्रधान शाहबाज शरीफ यांनी जाहीर भाषणात सांगितलं. त्याआधी दोन दिवस आपण लाहोरची हवाई संरक्षण यंत्रणा निकामी केली होती. डोळे आधी फोडले, मग तीन मॅकही पुरले. २९० किलोमीटर जायला मॅक ३ ला पाच मिनिटं लागत असतील तर मॅक ६ ला अडीच. त्या वाचलेल्या अडीच मिनिटांत धावपट्टी कुठे पळून जाणार आहे?

जहाज मात्र पळतं. १५०० किलोमीटरवरच्या युद्धनौकेवर साधं सबसॉनिक, म्हणजे ध्वनीहून कमी वेगाचं, क्षेपणास्त्र सोडलं तर त्याला पोहोचायला शंभरेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात नौका ९० किलोमीटर सरकलेली असते. सरासरी आठ मॅकने गेलेलं दहा-अकरा मिनिटांत पोहोचतं. नौका फार तर दहा किलोमीटर हललेली. इथे वेग म्हणजे नुसता रुबाब राहत नाही. १६ नोव्हेंबर २०२४ ला दीड हजार किलोमीटरच्या वरच्या पल्ल्याचं हायपरसॉनिक क्षेपणास्त्र आपण यशस्वी उडवलं, त्याचा हिंदी महासागरातला उपयोग मला पटतो. पण ती नौका दीड हजार किलोमीटरवर आहे हे सांगणार कोण? उपग्रह तिथून काही तासांनी जाणार असेल, सागरी टेहळणीची आपली पी-८आय विमानं सगळी मिळून १२, आणि युद्धात शत्रू आधी त्यांच्याच मागे लागणार. दहा मिनिटांत पोहोचणाऱ्या बाणाला चार तास जुना पत्ता देऊन काय साधणार? म्हणून दहा कोटी रुपये हातात असतील तर मी त्यातले सात उपग्रह, सागरी टेहळणी आणि त्यांची माहिती मिनिटभरात लाँचरपर्यंत नेणाऱ्या जाळ्यावर घालीन, आणि उरलेले क्षेपणास्त्रावर. संचलनात उपग्रह मिरवता येत नाहीत, ही त्यांची मोठीच अडचण.

आणि एक गोष्ट अशी, जिच्यात वेग हा उघड तोटा आहे. ९ मार्च २०२२ ला आपलं एक ब्रह्मोस देखभालीच्या वेळी चुकून सुटलं आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नूजवळ पडलं. स्फोटक नव्हतं, माणूस मेला नाही. ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले. पाकिस्तानने दिलेल्या वेळा बघा: ६ वाजून ४३ मिनिटांनी दिसलं, ६ वाजून ५० मिनिटांनी पडलं. या सात मिनिटांत पलीकडच्या रडारसमोरच्या माणसाने ठरवायचं, की हे चुकून आलंय की मुद्दाम, साधं आहे की अण्वस्त्र. त्याने घाई केली नाही, हे आपलं सगळ्यांचं नशीब. उद्या हेच साडेतीन मिनिटांत आलं आणि वाटेत वळत आलं, म्हणजे ते रावळपिंडीच्या नूरखान हवाई तळावर चाललंय की अण्वस्त्रांच्या कोठारावर हे शेवटपर्यंत कळलंच नाही, तर? हा प्रश्न फक्त आपल्या क्षेपणास्त्रांचा आणि त्यांच्या रडारचा नाही, त्यांच्या क्षेपणास्त्रांचा आणि आपल्या रडारचाही आहे. बाजू उलटी करून बघा, घाम फुटेल.

रशियाला हे कळतं. २१ नोव्हेंबर २०२४ ला युक्रेनच्या द्निप्रो शहरावर ओरेश्निक हे नवं क्षेपणास्त्र सोडण्याआधी अर्धा तास त्यांनी अमेरिकेला वर्दी दिली होती, असं क्रेमलिनचे प्रवक्ते पेस्कोव्ह यांनीच सांगितलं. ‘कुणी अडवू शकणार नाही’ म्हणून पुतिन मिरवत होते तेच हे अस्त्र. गैरसमज नको म्हणून आधी कळवायची सोय त्या दोघांनी शीतयुद्धातच करून ठेवलीय.

आपल्याकडे ३ ऑक्टोबर २००५ चा करार आहे. त्यानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांची वर्दी एकमेकांना देतात. क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत, म्हणजे ब्रह्मोस नाही आणि स्क्रॅमजेटवर उडणारं काहीही नाही. ग्लायडर रॉकेटवर चढून जातं आणि पुढे विमानासारखं उडतं. ते बॅलिस्टिकमध्ये धरायचं की नाही, यावर दिल्ली आणि इस्लामाबादचे वकील दहा वर्षं भांडू शकतील. एक नवं क्षेपणास्त्र बनवायला लागतो त्याच्या हजाराव्या हिश्शाच्या खर्चात हा करार रुंद करता येईल, लष्करी हॉटलाइनवर ‘चुकून सुटलंय’ हे मिनिटाच्या आत सांगायची पद्धत बसवता येईल. सध्याच्या वातावरणात हे बोलणंही दुर्बळपणाचं ठरतं, याची मला कल्पना आहे. बापूकाका मला देशद्रोही म्हणणार नाहीत, पण ग्रुपवर दोन दिवस गुड मॉर्निंगला उत्तर देणार नाहीत.

मियाँ चन्नूच्या वेळी क्षेपणास्त्र पोहोचायला सात मिनिटं लागली होती. ते आमच्याकडून चुकून सुटलं हे दिल्लीने जाहीर केलं, तेव्हा तारीख होती ११ मार्च.